मदत हवी आहे: शेततळ्यातले कटले पहाटे मरताहेत, आता विकू की पावसापर्यंत थांबू?

नमस्कार. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात आमचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे, 30 बाय 30 मीटर. गेल्या ऑगस्टात रोहू, कटला, मृगळ मिळून 1500 बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडल्या. हिवाळाभर छान वाढल्या. आता मे चाललाय, पारा 45 वर, पाणी जेमतेम चार फूट आणि रंग गर्द हिरवा. सोमवारपासून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. आज 40 कटले मेलेले तरंगत होते, एकेक अर्ध्या किलोचा. बघवत नाही. पण ऊन चढलं की उरलेले चांगले फिरतात. उन्हानंच मरत असतील तर दुपारी मरायला हवेत ना?

शेजारचे काका म्हणतात, चुना टाका. सासरे म्हणतात, नाल्याच्या डोहात मरळ आणि मांगूर अजून जिवंत आहेत, पुढच्या वर्षी तेच सोडू. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नाही. शेतीची वीज या आठवड्यात रात्रीची आहे.

प्रतिसाद
ताई, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 35 ला 7 च्या आसपास. हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं, म्हणून पहाट वाईट. कटल्याला ते आधी जाणवतं. मरळ-मांगूर वर येऊन हवेतून श्वास घेतात, म्हणून डोहात टिकले.

रात्रीची वीज कामाचीच आहे. 2 वाजल्यापासून उजाडेपर्यंत तळ्यातलंच पाणी मोटरनं उचलून फवाऱ्यासारखं वरून पाडा. बोरचं पाणी सोडलं तर तेही उंचावरूनच, त्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो. कोंडा-पेंड बंद. मेलेले मासे लगेच काढा. चुना अजिबात नको: हिरव्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच चढलेला असतो, आणखी चढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकल्या सोडतात, त्या हिशेबानं तुमच्याकडे 900 च्या वर नकोत. निम्मे तरी आताच विका, भाव पाहू नका.

धागाकर्ती
आभार, भाऊ. आज रात्रीच मोटर लावते. पहिला पाऊस आला की सुटका होईल ना?

प्रतिसाद
त्याच रात्री जास्त जपा. पावसाचं थंड पाणी खाली बसतं आणि तळाचं सडकं पाणी वर येतं. ढगाळ दिवसांत शेवाळही ऑक्सिजन फारसा देत नाही. तोवर डिझेल पंप कुणाकडून तरी सांगून ठेवा, पावसात लाईन जाते.