दिवाळीचा किल्ला: सगळ्यांचा एक नकाशा, की ज्याचा भाग त्याच्या मनाचा?

शहापूरकर:
गल्लीतला किल्ला आधी कागदावर उतरावा आणि तो सगळ्यांनी पाळावा, असं माझं ठाम मत आहे. राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या ३ माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंद भाग, आणि मधे बालेकिल्ला. ४ टोळ्यांनी ४ भाग मनाला येतील तसे रचले तर तट एकमेकांना भिडतच नाहीत. १:१०० प्रमाण धरलं तर १० फुटी तट ३ सेंटीमीटरचा होतो आणि बाजारातला ४ इंची मावळा त्याच्या तिप्पट उंच दिसतो. गडाचं रूपच जातं.

खानापूरकर:
१:१०० ने एका किलोमीटरचे १० मीटर होतात. कुठल्या गल्लीत मावणार राजगड? १:५०० घेतलं तर तोच तट ६ मिलिमीटरचा, तो मातीत उभाच राहत नाही. उंची नजरेनंच वाढवावी लागते, मग ती नजर पोरांची का नको? मोजपट्टी एकाच्या हातात गेली की बाकीची पोरं घमेली वाहायला उरतात. चारचौघांत न बोलणारं पोर, घरी कन्नड बोलणारं पोर, सगळी इथं रुळतात ती आपल्या हातानं काहीतरी घडवता येतं म्हणून. एखाद्याला सुवेळ्याचं नेढंच, म्हणजे खडकातलं आरपार भोक, करायचं असतं. करू द्या की! ओल्या मातीत नुसतं भोक पाडलं तर वरचा भाग बसतो. पाइपाचा तुकडा आत ठेवून माती लिंपायची, अर्धवट सुकली की फिरवत फिरवत हळू ओढून काढायचा.

येळ्ळूरकर:
नकाशावर एवढं भांडताय, पण किल्ला पडतो तो मातीमुळे. दगड-विटांच्या ढिगावर तागाचीच पोती घाला, चाळलेल्या लाल मातीच्या राड्यात बुडवून. प्लास्टिकच्या पोत्याला माती धरत नाही, सुकली की पापुद्र्यासारखी सुटते. नुसत्या चिकणमातीला भेगा जातात, म्हणून थोडी वाळू आणि बारीक केलेलं पिंजर मिसळा. थर अर्ध्या इंचाचा, पहिला सुकत आला की दुसरा. हिरवळीसाठी मोहरी टाकली तर ती उतारावर घरंगळते. अळीव भिजला की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतो, तो ५-६ दिवस आधी पेरा आणि पाणी हातानं शिंपडा. तांब्यानं ओतलं की बी सगळं पायथ्याला.
आणि दरवर्षी राजगडच का? आपल्या बेळगाव जिल्ह्यातला वल्लभगड आहे, भीमगड आहे.

शहापूरकर:
वल्लभगड एकदम मान्य. नेढंही मान्य. पण तटाच्या माथ्याला दोन खुंट्यांमधे सुतळी ताणायची, तिच्या वर-खाली कुणी जायचं नाही. दरवाजा गोमुखी, म्हणजे बुरुजांच्या आड वळणावर लपवलेला असेल, तर गोमुखीच. तिथं मनाचा कारभार नको, नाहीतर तो गड कुठला हेच ओळखू येत नाही.

खानापूरकर:
सुतळी चालेल. पण ती कुठं बांधायची हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, आणि पाटी मराठी-कन्नड दोन्हीत लिहावी. गल्लीतलं प्रत्येक पोर थांबून वाचेल. गोमुखी दरवाजाचं मात्र मला अजून पटलेलं नाही.