विषय: मे महिन्याची सहल – आख्तरहूक आणि जर्मन सीमा

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

ट्यूलिप पुरे झाले, यंदा वेगळं काहीतरी बघू, असं वार्षिक सभेत बहुतेकांचं म्हणणं पडलं. म्हणून मेच्या तिसऱ्या शनिवारी बस काढून हॉलंडच्या पूर्वेला, जर्मन सीमेलगतच्या आख्तरहूक या ग्रामीण भागात जायचा विचार आहे. डिंक्सपर्लो, विंटर्सवाइक आणि परतताना एल्टन. आपलं मत याच मेलला उत्तर देऊन कळवावं. जेवणाच्या डब्यांचं नंतर बोलू.

*

प्रेषक: प्राची, उत्रेख्त

समितीच्या उत्साहाला सलाम, पण तिकडे आहे काय? मका, गाई आणि सायकलवरचे आजोबा. सीमाच बघायची तर बार्लेला जाऊ. बेल्जियमचे बावीस तुकडे हॉलंडच्या पोटात, फुटपाथवर पांढरे क्रॉस, कुणाच्या दिवाणखान्यातून देशाची रेघ. मुलं खूश, फोटोही छान. नानाकाका, तुम्ही तिकडचेच, तेव्हा रागावू नका हं.

*

प्रेषक: नानाकाका, डूटिंखम

प्राची, रागावतोय कशाला! बार्ले अवश्य बघ. ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांनी जमिनी वाटून घेतल्या, त्याचा गुंता अजून सुटलेला नाही, याचं मलाही कौतुक आहे. पण बार्लेची सीमा आता सजवून ठेवली आहे. आमच्याकडची सीमा लोकांनी वापरली, आणि ती वापरण्यातली त्यांची अक्कल मला जास्त आवडते.

आधी हे सांगतो की ही रेघ बराच काळ नीट आखलेलीच नव्हती. एका बाजूला खेल्डरलांड हा डच प्रांत, दुसऱ्या बाजूला आजच्या जर्मनीतलं म्युन्स्टरच्या बिशपचं राज्य, आणि मध्ये दलदल, माळरान, गवताची गायरानं. गुरं कुणाची कुठे चरतात, जळणासाठी पीट (दलदलीतली वाळवून जाळायची माती) कोण कापतं, यावरून पिढ्यान्‌पिढ्या कुरबुरी. शेवटी १७६५ साली बुर्लोच्या मठात करार झाला आणि पुढच्या वर्षी दगड रोवले गेले. त्यातले काही विंटर्सवाइकच्या आसपास अजून उभे आहेत, एका अंगाला खेल्डरलांडचं चिन्ह, दुसऱ्या अंगाला म्युन्स्टरचं. पायवाट त्यांच्या जवळून जाते, बसमधून दिसणार नाहीत, तेव्हा बूट चांगले घाला.

रेघ नक्की व्हायच्या आधीच तिचा उपयोग मात्र सुरू झाला होता. सतराव्या शतकात डच प्रजासत्ताकात कॅथलिकांना उघडपणे प्रार्थना करायला बंदी होती. ख्रूनलोच्या भागातली माणसं मग रविवारी चालत पलीकडे म्युन्स्टरच्या हद्दीत जायची. त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन साधूंनी १६५१ च्या सुमारास सीमेला अगदी लागून त्स्विलब्रोकला ठाणं मांडलं. तिथलं बरोक शैलीतलं चर्च आजही आहे, आणि एवढ्याशा वस्तीला इतकं देखणं चर्च का, हा प्रश्न पडतोच. ते वस्तीसाठी नव्हतंच, शेजारच्या देशासाठी होतं.

दुसऱ्या महायुद्धात इकडच्या शेतांवर माणसं लपवली गेली. विंटर्सवाइकची हेलेना काउपर्स-रीटबर्ख, टोपणनाव टान्ते रीक म्हणजे रीकमावशी, पाच मुलांची आई. लपलेल्यांना घर, अन्न आणि रेशनकार्ड पुरवणारी देशव्यापी संघटना १९४२ मध्ये उभी राहिली, तिच्या मुळाशी ही बाई होती. १९४४ मध्ये पकडली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत तिचा मृत्यू झाला. विंटर्सवाइकमध्ये आपण चित्रकार मोंद्रियानचं बालपणीचं घर बघायला थांबणारच आहोत (त्याचे वडील तिथे मुख्याध्यापक होते). त्याच फेरीत रीकमावशीच्या स्मारकापाशी पाच मिनिटं थांबू, एवढी माझी विनंती.

आणि डिंक्सपर्लो. तिथे हेलवेख नावाचा रस्ता आहे. रस्ता हॉलंडचा, त्याच्या एका बाजूची घरं जर्मनीतल्या सुडरविकची. तिथल्या माणसाने दाराबाहेर येऊन रस्त्यात पाऊल टाकलं की परदेश. दोन्ही बाजूंच्या वृद्धनिवासांना जोडणारा एक बंद पूल आहे, त्यावरून आजी-आजोबा कॉफी प्यायला जर्मनीत जातात. तुझे सायकलवरचे आजोबा तिथेही भेटतील.

एल्टनबद्दल लिहायला बसलो तर मेल संपणार नाही. हॉलंडने ते जर्मनीकडून घेतलं आणि चौदा वर्षांनी परत दिलं, एवढंच आत्ता सांगतो.

*

प्रेषक: मिलिंद, आइंडहोवन

काका, असं अर्धवट सोडू नका. हॉलंडने जर्मनीचं गाव घेतलं? इतकी वर्षं इथे राहतोय, मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकातही हे दिसलं नाही. आत्ता शोधलं तर २८ कोटी मार्क घेऊन परत दिलं असं दिसतंय. म्हणजे विकलंच की! आणि मी निपाणीचा, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवत नाही: गाववाल्यांना कुणी विचारलं होतं का?

*

प्रेषक: नानाकाका, डूटिंखम

मिलिंद, निपाणीकराने पहिला प्रश्न हाच विचारावा हे रास्तच. नाही विचारलं. घेतानाही नाही, देतानाही नाही.

युद्धात हॉलंडचं अतोनात नुकसान झालं होतं आणि भरपाई म्हणून जर्मनीची जमीन घ्यावी असा विचार इथे जोरात होता. बाकर स्खुट यांच्या नावाने ओळखली जाणारी एक योजना तर थेट कोलोन, आखेन, म्युन्स्टरवर डोळा ठेवून होती. दोस्त राष्ट्रांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी जर्मनी आधीच भरून गेली होती. शेवटी २३ एप्रिल १९४९ ला हाती लागले ते काही तुकडे: आमच्याकडे एल्टन, खाली दक्षिणेला लिम्बुर्ख या डच प्रांताला लागून झेल्फकांट, आणि सुडरविकचा भाग धरून बारीकसारीक पट्टे. सगळं मिळून सुमारे ६९ चौरस किलोमीटर आणि दहाएक हजार माणसं. बोरिवलीचं नॅशनल पार्क याहून मोठं आहे! मला विचारशील तर एवढ्यासाठी शेजाऱ्याशी वाकडं घेणं हा निव्वळ हट्ट होता.

कारभार मात्र वाईट झाला नाही. एल्टनला ब्लाउबूर नावाचे प्रशासक नेमले. जुनी ‘लांडड्रोस्ट’ ही पदवी त्यांच्यासाठी पुन्हा बाहेर काढली होती. लोक जर्मनच राहिले, पण त्यांच्या कागदांवर ‘डच म्हणून वागवावे’ असा शेरा असायचा. तिकडे सपाट देशातल्या डच लोकांना एकदम डोंगर मिळाला. एल्टनबर्ख जेमतेम ८२ मीटर उंच, तरी रविवारी बसगाड्या भरभरून माणसं यायची. वर दहाव्या शतकातल्या मठाची जागा आहे, चर्च आहे, आणि ऱ्हाइनचं पात्र लांबवर दिसतं.

आता ‘विकलं’ म्हणतोस त्याबद्दल. १९६० साली दोन्ही देशांत जो करार झाला त्यात जमीन हा एकच विषय नव्हता, नाझी अत्याचारांच्या बळींची भरपाई वगैरे बाबीही होत्या, आणि २८ कोटी मार्क या सगळ्या हिशेबापोटी होते. गावाची किंमत असा त्याचा अर्थ काढणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

खरी गंमत परत देतानाची. तारीख ठरली १ ऑगस्ट १९६३, मध्यरात्र. व्यापाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं की त्या क्षणी एल्टनमध्ये जो माल असेल तो आपोआप जर्मनीत असेल, आयात शुल्क न भरता. मग काय! लोणी, कॉफी, चहा, सिगारेटी भरलेले मोठमोठे ट्रक हॉलंडमधून गावात शिरू लागले. रस्ते, अंगणं, कोठारं, जिथे जागा मिळेल तिथे ट्रक. बाराचे ठोके पडले, एकही चाक न हलता सगळा माल जर्मनीत पोचला आणि सकाळी निवांत पुढे गेला. जर्मन तिजोरीचे कोट्यवधी मार्क बुडाले. सगळं कायदेशीर! याला तिकडे अजून ‘एल्टनची लोण्याची रात्र’ म्हणतात. वर्षानुवर्षं पिशवीत लपवून सीमेपलीकडे पाव-अर्धा किलो कॉफी नेणाऱ्या इकडच्या माणसांना त्या रात्री काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

सगळं मात्र परत गेलं नाही. नाइमेखनजवळची डाउव्हल्सबर्ख ही टेकडी हॉलंडने ठेवून घेतली. तिथे आपण सगळे पॅनकेक खायला जातो, जर्मनीकडून घेतलेल्या जमिनीवर बसून खातोय हे कुणाच्या गावीही नसतं. आणि झेल्फकांटमधून जाणारा रस्ता पुढेही हॉलंडच्या ताब्यात राहिला. जर्मन मुलखातून जाणारा डच रस्ता. तो जर्मनीला मिळाला थेट २००२ मध्ये. मिलिंद, तुला आइंडहोवनहून तो जवळ पडेल, एखाद्या रविवारी जाऊन ये.

*

प्रेषक: प्राची, उत्रेख्त

बरं काका, हरले. पण मुलांचं काय? मठ आणि करार ऐकून माझी धाकटी बसमध्येच झोपेल. त्स्विलब्रोक शोधताना मला एक वेगळीच गोष्ट सापडली: त्या चर्चच्या जवळच्या तळ्यावर फ्लेमिंगो घरटी करतात! मार्चच्या सुमाराला येतात, उन्हाळ्यात जातात, म्हणजे मेमध्ये नक्की दिसतील. बरेचसे चिलीच्या जातीचे, कुठून तरी पाळीव जागेतून सुटून आलेले. शिवडीला चिखलात उभं राहून फ्लेमिंगो पाहिलेल्या माणसाला जर्मनीत परत तेच बघायला मिळणार म्हटल्यावर मी तरी येतेय. एल्टनबर्खच्या आधी तिथे तासभर ठेवा. दुर्बीण मी आणते.

*

प्रेषक: सहल समिती

मंडळी, मार्ग ठरला: उत्रेख्त, विंटर्सवाइक, त्स्विलब्रोक, डिंक्सपर्लो, एल्टन, परत. दुपारचं जेवण त्स्विलब्रोकला तळ्याकाठी. दशम्या, चटणी आणि दहीभाताची जबाबदारी डूटिंखम गटाने घेतली आहे, बाकीच्यांनी गोडाचं बघावं.

एक महत्त्वाचं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. आपण दिवसभरात अनेकदा इकडून तिकडे जाणार, त्यामुळे प्रत्येकाने पासपोर्ट जवळ ठेवायचा, आणि ज्यांच्याकडे डच पासपोर्ट नाही त्यांनी निवासाचं कार्डही. बस थांबवली आणि कुणाचं कार्ड घरी राहिलं असेल, तर त्याला डिंक्सपर्लोला नानाकाकांच्या ओळखीच्या कुणाकडे तरी ठेवून पुढे जाऊ.

नावं शुक्रवारपर्यंत.