डिकन्सचं १८५७ सालचं पत्र मुलांना सांगावं का?

पानगळ:
दर शनिवारी आमच्या सोसायटीतली आठवी-नववीची सात-आठ मुलं माझ्याकडे वाचायला येतात. सध्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' चालू आहे. ऑलिव्हर वाडगा पुढे करून अजून थोडी पेज मागतो, ते पान झाल्यावर एका मुलीने विचारलं, "लिहिणाऱ्याला हे सगळं कसं माहीत?" मी तिला १८२४ साल सांगितलं. वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात, आणि बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स थेम्सकाठच्या, उंदरांनी पोखरलेल्या घरात बूटपॉलिशच्या बरण्या बांधतोय. तोंडावर आधी तेलकट कागद, वरून निळा कागद, मग दोरा, कडा कापून सारख्या करायच्या आणि शेवटी लेबल. आठवड्याला सहा-सात शिलिंग. मुलं एकदम गप्प झाली.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही आणि ती तेव्हापासून मला टोचते आहे. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी डिकन्सने अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर मैत्रिणीला पत्र लिहिलं. कानपूरच्या कत्तलीच्या बातम्या तोवर लंडनला पोचल्या होत्या. मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर या क्रौर्याचा डाग ज्या वंशावर आहे त्याचा नायनाट करायला जिवाचं रान केलं असतं, आणि हे त्या लोकांना त्यांच्याच भाषेत जाहीर केलं असतं, असा त्यातला आशय आहे. ते लोक म्हणजे आपण.

मला वाटतं, मुलांना हे सांगायला हवं. तुमचं मत काय?

सावकाश:
ताई, माझा स्पष्ट विरोध आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मूल पहिल्यांदा कुठल्या तरी लेखकावर जीव टाकतं. तो जीव आधी जडू द्या.

शिवाय हे खाजगी पत्र आहे, तेही रागाच्या भरात लिहिलेलं. त्याचा मुलगा वॉल्टर, वय वर्षं सोळा, त्याच जुलैत कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानला निघाला होता. रोज सकाळी वर्तमानपत्रात बायकामुलांच्या कत्तली वाचणाऱ्या बापाचं पत्र आहे ते. त्याच बर्डेट-कूट्सबाईंच्या पैशांतून त्याने १८४७ साली रस्त्यावर आलेल्या मुलींसाठी युरेनिया कॉटेज उभं केलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचा कारभार जातीने पाहिला. माणूस तोलायचा तर हे पारड्यात नको?

उंबरठा:
खाजगी कसलं? त्याच वर्षीच्या नाताळात कादंबरीकार विल्की कॉलिन्सबरोबर त्याने आपल्या साप्ताहिकात मोठी कथा छापली. घटना नेली मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर, पण तिच्यामागे हिंदुस्थानातला उठाव होता. गोऱ्यांच्या विश्वासातला काळा नोकर फितूर निघतो आणि शेवटी मारला जातो. हे हजारो घरांत वाचलं गेलं.

"तो काळच तसा होता" असंही इथे कुणी म्हणू नये. त्याच काळात डिझरायली या ब्रिटिश राजकारण्याने सूडाच्या भाषेला जाहीर विरोध केला. गव्हर्नर-जनरल कॅनिंगने सरसकट सूड घ्यायला नकार दिला म्हणून 'दयाळू कॅनिंग' असं त्याला हिणवलं गेलं. म्हणजे वेगळा विचार करता येत होता, आणि करणारे होते.

आणि हा नायनाट प्रत्यक्षात कसा दिसतो? वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८ साली झाशीत अडकले. इंग्रज फौज शहरात शिरल्यावर घराघरांत घुसून माणसं कशी मारली, हे त्यांनी साध्या मराठीत लिहून ठेवलंय. ती पानं वाचा आणि मग ते पत्र वाचा.

दीपमाळ:
उंबरठा, तुमचा राग मला समजतो, पण डिकन्स बदलू शकणारा माणूस होता हे सोडून कसं चालेल? 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या फॅगिनचंच घ्या, पोरांना चोऱ्या करायला लावणारा तो म्होरक्या. कादंबरीत त्याला नावाऐवजी शेकडो वेळा 'तो ज्यू' म्हटलंय. डिकन्सचं लंडनचं घर एका ज्यू कुटुंबाने विकत घेतलं होतं. त्या घरच्या एलायझा डेव्हिस यांनी १८६३ साली त्याला कळवलं की तुम्ही आमच्या समाजावर अन्याय केलात. आधी त्याने स्वतःची बाजू मांडली. पण ते शब्द त्याच्या मनात राहिले असणार. पुढच्याच कादंबरीत रिया हा सज्जन म्हातारा ज्यू आला, आणि १८६७च्या आवृत्तीत फॅगिनच्या मागचा तो शब्द त्याने पुढच्या प्रकरणांतून बराचसा काढून टाकला. एका वाचक बाईच्या पत्राने एवढं घडलं. मुलांना हेच सांगा.

उंबरठा:
एलायझाबाईंबद्दल मला आदरच आहे. पण आपल्या लोकांबाबत तो बदलला का? १८६५ साली जमैकात गव्हर्नर आयरने बंड मोडताना चारशेहून जास्त माणसं मारली. विचारवंत मिल, शास्त्रज्ञ डार्विन आणि हक्सली म्हणाले, आयरवर खटला भरा. डिकन्स आयरच्या बाजूने उभा राहिला. पत्राला आठ वर्षं झाली होती, राग निवायला एवढा वेळ पुरे होता.

त्याच्याच 'ब्लीक हाउस' कादंबरीतल्या मिसेस जेलीबी आठवा. आफ्रिकेच्या काळजीत बुडालेल्या बाईची स्वतःची पोरं जिन्यावरून गडगडत असतात. आपण हसतो. पण दूरच्या माणसाची काळजी म्हणजे थोतांड, हेही आपल्या नकळत आपण तिथे गिळतो.

पानगळ:
जेलीबीबाईंचा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. पण त्याच पुस्तकात रस्ता झाडणारा 'जो' नावाचा पोरका मुलगा आहे. मरताना त्याला 'आमच्या पित्या' ही प्रार्थना एकेक शब्द करून म्हणायला शिकवतात, आणि ती पुरी व्हायच्या आत तो जातो. कितव्यांदा वाचलं तरी मला पुढचं पान उलटवत नाही. हेही तोच माणूस लिहितो.

काल रात्री बॉब फॅगिन आठवला. पॉलिशच्या कारखान्यातला थोराड मुलगा. चार्ल्सच्या कुशीत कळ आली तेव्हा त्याने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याची कूस शेकली. आणि डिकन्सने त्या मुलाचं नाव दिलं चोरांच्या म्होरक्याला! मला वाटतं, आपण कायमचे या पोरांतलेच होऊन जाऊ ही भीती त्याच्या मनातून कधी गेली नाही. 'मी तिथे असू शकलो असतो' असं जिथे वाटलं तिथे त्याची करुणा धावली. हिंदुस्थान, जमैका तिच्या वाटेवर आलेच नाहीत. येत्या शनिवारी आधी बॉबचं सांगेन, मग पत्राचं.

सावकाश:
ठीक आहे. सांगणारच असाल तर नायनाट हा शब्द मऊ करू नका, एवढं उंबरठा यांचं मला मान्य. पण वॉल्टरचंही सांगा. ३१ डिसेंबर १८६३ रोजी तो कलकत्त्यात वारला, बावीस वर्षांचा, अंगावर कर्ज. बातमी बोटीने इंग्लंडला पोचली ७ फेब्रुवारीला. त्या दिवशी डिकन्सचा बावन्नावा वाढदिवस होता.