मुलुंड आणि ठाणे: घर तेवढंच, इमारत तशीच, मग किमतीत एवढा फरक कशाचा?

कोपरीकर

भावासाठी नवीन टू बीएचके शोधतोय. मुलुंड पश्चिमेला एक टॉवर पाहिला, आणि चेकनाका ओलांडून ठाण्याच्या हद्दीत तसाच दुसरा. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) जवळपास सारखं, दोन्हीकडे पोडियम पार्किंग, टाइल्स आणि लिफ्टसुद्धा त्याच कंपन्यांच्या. पण मुलुंडच्या घराच्या पैशात पलीकडे थ्री बीएचके येतं.

सिमेंट, सळई, मजुरी नाका बघून बदलत नाही. माझ्या मते हा फरक फक्त पालिकेच्या हद्दीचा आहे. मुलुंड बृहन्मुंबईत आलं १९५७ साली, तोवर ते ठाणे जिल्ह्यातच होतं. कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आज माणसं वीस-वीस वर्षं त्या रेघेचा हप्ता फेडतायत. शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचं पाणी ठाण्याच्या अंगावरून मुंबईला जातं आणि ठाण्यातल्या सोसायट्या टँकर मागवतात. हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिव्हिलवाला

पटण्या-न पटण्याआधी मुलुंडची नवी इमारत कशी उभी राहते ते बघा. तिथे मोकळा प्लॉट उरलेला नाही. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला खाडी आणि मिठागरं. त्यामुळे नवीन म्हणजे बहुतेक वेळा जुन्या सोसायटीचा पुनर्विकास.

समजा चाळीस सभासदांची सोसायटी आहे. बिल्डरने त्या चाळीस जणांना आधीपेक्षा मोठी घरं फुकट द्यायची, काम संपेपर्यंत भाडं द्यायचं, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे द्यायचे, सामान हलवायचा खर्च द्यायचा. हे सगळं वसूल होतं विक्रीच्या घरांतून. तुमचा भाऊ एक फ्लॅट घेतो तेव्हा तो स्वतःच्या घराबरोबर कुणा जुन्या सभासदाच्या घराचाही वाटा भरत असतो. वर प्रीमियम एफएसआय, फंजिबल, टीडीआर, म्हणजे प्लॉटवर जादा बांधायचे हक्क, तेही पैसे मोजून घ्यायचे. पालिकेला आणि सरकारला भरायचे प्रीमियम रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने भागवार ठरवलेल्या, दरावर ठरतात, म्हणजे भाग महाग तर परवानगीही महाग.

ठाण्यात कोलशेत, पोखरण रोड, घोडबंदर इथे कारखान्यांच्या आणि मोकळ्या मोठ्या जमिनी निघाल्या. तिथे सभासद नाहीत, भाडी नाहीत, एकाच वेळी पाच-सहा टॉवर उठतात. बांधकामाचे नियमही वेगळे: मुंबईत डीसीपीआर २०३४, ठाण्याला २०२० ची यूडीसीपीआर. बाहेरून इमारत तीच दिसते, हिशेब अजिबात तोच नसतो.

हिशेबनीस

सिव्हिलवाला, तपशील बरोबर आहे, पण कारण आणि परिणाम उलटे लागलेत. जुन्या सभासदाला जादा जागा आणि कॉर्पस मिळतो कारण नवं घर महाग विकलं जाणार हे बिल्डरला आधीच माहीत असतं. विक्रीचा दर वजा बांधकाम, वजा प्रीमियम, वजा व्याज, वजा नफा. जे उरतं ते जमिनीच्या मालकाचं, मग तो शेतकरी असो, कारखानदार असो की सोसायटी. जिथे विक्रीचा दर कमी, तिथल्या जुन्या इमारती वर्षानुवर्षं टेकू लावून उभ्या असतात, कुणी फिरकत नाही.

म्हणजे जमीन महाग म्हणून घर महाग नाही. घराला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं म्हणून जमीन महाग. प्रश्न एवढाच की गिऱ्हाईक का मोजतं.

सिव्हिलवाला

गिऱ्हाईक मोजतं कारण त्याला दुसरा पर्याय नाही! मुलुंडमध्ये उद्या कोलशेतएवढी जमीन मोकळी झाली तर दर असेच राहतील का? पुरवठा तुमच्या सूत्रात कुठेच नाही.

पूर्वा_मुलुंड

का मोजतं ते मी सांगते, कारण आम्ही मोजलेत. दोन्हीकडे बघून मुलुंडलाच घेतलं.

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबई पालिकेने २०२२ पासून मालमत्ता कर माफ केलाय. पाणी पालिकेचं येतं, आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये टँकरचा रकाना नाही. बेस्टच्या बस आहेत. सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा दवाखाना रिक्षाच्या किमान भाड्यात होता. नुसत्या पत्त्याच्या हौसेपायी आम्ही कर्ज काढलेलं नाही. या सगळ्याची किंमत एकदम सुरुवातीला भरली, एवढंच. ठाण्यात ती दर महिन्याला थोडी थोडी भरावी लागते.

घोडबंदर_रहिवासी

पूर्वाताईंशी शंभर टक्के सहमत, आणि मी पलीकडे राहून सांगतोय. जाहिरातीत सगळं ‘ठाणे’ असतं. कासारवडवली ठाणे, गायमुखही ठाणे. स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटर किंवा त्याहून लांब. संध्याकाळी माजिवड्यापासून मानपाड्यापर्यंत गाडी कशी सरकते ते एकदा अनुभवा, मग स्वस्ताईचा आनंद ओसरतो. उन्हाळ्यात टँकर आले की सोसायटीच्या सभेत भांडणं ठरलेली. मी घर घेतलं तेव्हा चौरस फुटाचा दर बघितला होता. स्टेशनपर्यंतची रिक्षा, टँकर, मुलाच्या शाळेची बस हे त्या दरात नव्हतंच.

मेट्रो ४ वडाळ्याहून याच रस्त्याने कासारवडवलीपर्यंत येणार आहे आणि बिल्डर लोक तिच्या नावाने आधीपासूनच भाव लावतायत. म्हणजे सोय यायच्या आधीच तिचे पैसे आमच्याकडून गेले.

नौपाडा_निवासी

कोपरीकर, हद्दीची तुमची गोष्ट नौपाड्यात येऊन अडते. नौपाडा, पाचपाखाडी रेघेच्या पलीकडेच आहेत ना? तरी तिथला नवा फ्लॅट घ्यायला जा, मुलुंडच्या बरोबरीचा भाव सांगतात. कारण स्टेशन चालत आहे, बाजार, शाळा, नाट्यगृह सगळं हाताशी.

आणि रेघ खरंच कारण असती तर ती पुसट झाल्यावर फरक मिटायला हवा होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. चेकनाक्यावर आता अडवणारं काय उरलंय? किमती मात्र तिथेच. अंतर मोजा, हद्द सोडा.

कोपरीकर

नौपाड्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ठाण्याला सगळ्या फास्ट गाड्या थांबतात, मुलुंडला बहुतेक स्लोवर भागवावं लागतं. वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर २००४ पासून ठाण्यातून सुटते. नुसतं स्टेशन आणि बाजारच धरले तर नौपाडा मुलुंडपेक्षा बराच महाग हवा. तो ‘बरोबरीचा’ का राहतो? कारण उरलेलं रेघ खाते. मी याच फरकाबद्दल बोलतोय.

टोल आणि जकात दिसायचे म्हणून लोकांना तीच हद्द वाटली. खरी हद्द पालिकेच्या तिजोरीत आहे. मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. पूर्वाताईंची करमाफी आणि पाणी तिथून येतं. ठाणे पालिकेला तेवढं परवडत नाही. त्यात मुद्रांक शुल्क बघा: मुंबईत ६ टक्के, ठाण्यात ७ टक्के. एक कोटीच्या घरावर पलीकडचा माणूस सरकारला एक लाख जास्त देतो आणि त्याला सोयी कमी मिळतात. स्वस्त घराच्या माणसाकडून जास्त टक्का घेणं मला अन्याय वाटतो.

हिशेबनीस

अन्याय आहे, मान्य. पण पुढचं पाऊल बघा. समजा उद्या सरकारने मुंबई आणि ठाण्याचा कर, पाणी, बस सगळं एकसारखं केलं. तुम्हाला वाटतं मुलुंड खाली येईल? येणार नाही. ठाणे वर जाईल. ज्यांचं आज ठाण्यात घर किंवा जमीन आहे त्यांची चांदी होईल. तुमच्या भावासारखा, जो अजून शोधतोय, तो अंबरनाथ-बदलापूरला ढकलला जाईल. सोय आली की तिची किंमत जमिनीत मुरते. घोडबंदरच्या मेट्रोचं तेच झालं, वर त्यांनीच लिहिलंय.

पूर्वा_मुलुंड

हिशेबनीस, या विचाराने चाललं तर ठाण्याला टँकरवरच ठेवलं पाहिजे, का तर घरं स्वस्त राहावीत! मी मुलुंडची आहे, माझ्या घराचा भाव यातून वाढणार नाही, तरी हे मला मान्य होणार नाही. पाणी ही काही घराची किंमत आटोक्यात ठेवायची युक्ती नव्हे. बायका आणि म्हातारी माणसं बादल्या भरतात तिथे.

हिशेबनीस

तसं मी म्हटलेलंच नाही. सोयी द्याच. पण त्यामुळे जमिनीचा जो भाव वाढतो त्यातला हिस्सा पालिकेने परत घ्यावा आणि त्या पैशातून परवडणारी घरं बांधावीत. नाहीतर पाणी करदात्याच्या पैशातून येणार आणि फायदा प्लॉट अडवून बसलेल्याला मिळणार.

सिव्हिलवाला

म्हणजे आणखी एक प्रीमियम. आणि तो शेवटी कुणाच्या ॲग्रीमेंटमध्ये चढतो ते मी रोज बघतो.

हिशेबनीस

जमिनीच्या मालकाकडून घेतला तर तो चढत नाही, मालकाला तेवढं कमी मिळतं. परवानगीच्या टप्प्यावर बिल्डरकडून आगाऊ घेतला तर मात्र व्याजासकट चढतो. आज दुसरा प्रकार चालतो, माझी तक्रार त्याच्यावर आहे.

नौपाडा_निवासी

हे सगळं धोरणाचं झालं. कोपरीकरांच्या भावाला घर घ्यायचंय या वर्षी.

सिव्हिलवाला

त्यासाठी एवढंच. दोन्ही प्रकल्प महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंद ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर उघडा, ताब्याची मूळ तारीख आणि आताची तारीख शेजारी ठेवा. मुलुंडचा पुनर्विकास असेल तर जुन्या सभासदांची भाडी वेळेवर जातायत का ते सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून विचारा, ती थकली की काम थांबतं. ठाण्याचा असेल तर शेजारच्या राहत्या सोसायटीत जाऊन मे महिन्याचं टँकरचं बिल बघायला मागा. दर चौरस फुटाचा हिशेब त्यानंतर करा.

कोपरीकर

शेजारच्या सोसायटीचं बिल मागायचं सुचलं नव्हतं. रविवारी भावाला घेऊन जातो. मुद्रांक शुल्काच्या एक टक्क्यावर मात्र कुणीच बोललं नाही, त्याचं समर्थन कुणाकडे असेल तर जरूर लिहा.