गवती चहाच्या चोथ्यात फिनॉल ताज्या पातीपेक्षा जास्त कसं काय येतंय?

गवती_एमएस्सी:
नमस्कार, प्रोजेक्टसाठी गवती चहाचं तेल काढून उरलेल्या चोथ्यातले पॉलिफिनॉल (वनस्पतीतली फिनॉल गटातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) मोजतेय. गावाजवळच्या डिस्टिलेशन युनिटवरून माल आणला, तिथे चोथा बॉयलरखाली जातो नाहीतर ढीग लागून कुजतो, १०० किलो पाल्यामागे कधीकधी अर्धा किलोसुद्धा तेल निघत नाही म्हणजे बाकी सगळा चोथाच की, ते बघून फार वाईट वाटलं म्हणून हाच विषय घेतला. फोलिन टेस्ट केली (निळ्या रंगाच्या गडदपणावरून फिनॉल मोजायची), तुलनेसाठी माहीत प्रमाणात घेतलेल्या गॅलिक ॲसिडचा ग्राफ छान सरळ आलाय. ताजी पात ३.१ मिग्रॅ प्रति ग्रॅम आणि चोथा ५.२! वाफ देऊन वाढलं कसं? तीनदा केलं, तेच येतंय. दोन्ही १-१ ग्रॅम, ७० टक्के इथेनॉलमध्ये.

लॅबवाला_दादा:
१ ग्रॅम कसला, ओला की वाळलेला? आणि चोथा किती दिवस पसरून ठेवला होता?

गवती_एमएस्सी:
दोन दिवस शेडमध्ये होता, मग जसा होता तसाच तोलला. पात मात्र सकाळी कापलेली, हिरवीगार.

लॅबवाला_दादा:
मग तिथेच घोळ झालाय ताई. हिरव्या पातीच्या १ ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, चोथा दोन दिवसात सुकला, म्हणजे तुम्ही पाण्याची तुलना केलीत, फिनॉलची नाही. दोन्हीचा थोडा थोडा भाग वेगळा घ्या, १०५ डिग्रीला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि आकडा कोरड्या वजनावर काढा. तो भाग टेस्टला वापरू नका हं, एवढ्या उष्णतेत फिनॉल खराब होतात, टेस्टचा माल ४० डिग्रीवर वाळवून दळलेला बरा. पॉलिफिनॉल तेलासारखे वाफेबरोबर उडून जात नाहीत, म्हणून चोथ्यात राहणं अगदी बरोबर आहे. उष्णतेने पेशी फुटतात त्यामुळे कधी ते जास्त सहज बाहेरही येतात, पण हे म्हणायचं ते पाण्याचा हिशोब झाल्यावर.

रोशा_खानदेश:
आमच्याकडे रोशा गवताचा (त्याचंही तेल काढतात) चोथा जळणालाच जातो, लाकडाचा खर्च वाचतो हो. फिनॉल निघालं तर विकता येईल का?

एचपीएलसी_ताई:
रोशावाले दादा, नुसत्या फोलिनच्या आकड्यावर विकायचं काही ठरवू नका. ते रसायन फिनॉललाच नाही, साखर, व्हिटॅमिन सी, काही प्रोटीन यांनाही निळा रंग देतं, ७६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मशीन तो सगळा एकत्रच वाचतं. प्रोजेक्टवाल्या ताईंनी एक करावं, अर्कात पीव्हीपीपी (न विरघळणारं एक पॉलिमर) पावडर घालून गाळायचं, ती पॉलिफिनॉल धरून ठेवते, गाळून उरलेल्या द्रवाची परत फोलिन करायची आणि तो आकडा पहिल्या आकड्यातून वजा करायचा. नेमकं कोणतं फिनॉल आहे ते एचपीएलसीशिवाय (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कळत नाही, गवती चहात क्लोरोजेनिक ॲसिड, कॅफिक ॲसिड, आयसोओरिएंटिन शोधा. स्टँडर्ड (तुलनेसाठी लागणारे शुद्ध नमुने) महाग पडतात, त्यामुळे आधी क्लोरोजेनिक एकटं घेतलं तरी चालेल. आणि रोशावाले दादा, जळण म्हणून जी बचत होते तीही हिशोबात धरा, अर्क काढून वाळवलेला चोथा नंतर जाळता येतोच.

गवती_एमएस्सी:
केलं! पातीत पाणी ७५ टक्के, चोथ्यात ५०. म्हणजे कोरड्या वजनावर पात १२.४ आणि चोथा १०.४. वाढलं नव्हतं, थोडं कमीच झालं होतं, पण बहुतेक सगळं चोथ्यातच आहे, मला खूप आनंद झालाय. जे कमी झालं ते कुठे गेलं असेल?

लॅबवाला_दादा:
पात आणि चोथा एकाच घाण्याचे (टाकीच्या एकाच खेपेचे) आहेत ना ते आधी बघा. असतील तर थोडं उष्णतेने मोडलं असेल, थोडं टाकीच्या तळाशी जे तपकिरी पाणी साठतं त्यात उतरलं असेल. ते पाणी मोजल्याशिवाय हिशोब जुळायचा नाही.

गवती_एमएस्सी:
उद्याच्या घाण्याला जातेय. बाटलीत भरून बर्फात आणू का?

लॅबवाला_दादा:
बर्फातच आणा. आणि तळाला एकूण किती लिटर निघालं, टाकीत पाला किती किलो भरला होता, दोन्ही तिथेच वहीत लिहून घ्या, नाहीतर त्या बाटलीतला आकडा कशाला लावायचा तेच कळणार नाही.