अनुभव हवेत: बाबांच्या गटात जाऊन काय मिळालं?

बाप होऊ घातलेल्यांसाठी किंवा नुकत्याच झालेल्यांसाठी संस्था गट चालवतात. तिथे कुणी गेलंय? मी असा एक गट चालवतो. आमचा बराचसा ऐवज २०१३च्या ‘प्रोग्राम पी’ या पुस्तिकेतला. ‘पी’ म्हणजे ‘पाद्रे’, स्पॅनिशमधला बाप. त्यातलं एक सत्र वडिलांच्या वारशावर आहे: त्यांच्याकडून काय आलं, त्यातलं पुढे काय द्यायचं नाही. आधी कुणीच तोंड उघडत नाही. मग एखादा म्हणतो, “बाबांनी कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही,” आणि मग बोलणं थांबवावं लागतं. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. नुसतं कौतुक आमच्या अहवालात भरपूर आहे.

पहिलटकर बाबा: बाळ सात आठवडे आधीच आलं. बायको तापाने फणफणलेली, म्हणून नर्सने मलाच शर्ट काढून बसवलं आणि बाळ छातीवर ठेवलं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ही कांगारू पद्धत सुरू झाली, हे नंतर संस्थेच्या ताईंनी सांगितलं. तेव्हा डोक्यात एकच: आपल्याला शिंक येऊ नये. दोन तास नाक दाबून बसलो होतो. पुढे अंघोळ, ढेकर, रात्रीची जागरणं, कशाचीच भीती वाटली नाही. (पद्धतीच्या नावात मात्र अजून ‘कांगारू मदर केअर’च आहे.)

एक आई: आमच्याकडे आडवी मी आले. नवरा गटातून दुपट्यात गुंडाळायला शिकून आला. त्याने गुंडाळलं की मी सोडून पुन्हा गुंडाळायची. आठवड्याभरात तो हातच लावेनासा झाला. जोडप्यांच्या सत्रात ताईंनी मला विचारलं, “तुमचं पहिलं दुपटं कसं झालं होतं?” आता मी खोलीबाहेर जाते. दुपटं अजून सैलच असतं.

कंटाळलेला: तीन सत्रं, तिन्ही भाषणं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. वेळ? कामाच्या दिवशी दुपारी चार. बाबांनी यायचं म्हणे! रजेचं आधी बघा. नॉर्वेत १९९३ मध्ये चार आठवडे फक्त बापासाठी राखले, त्याने घेतले नाहीत तर बुडीत. तेव्हा कुठे बाप घरी थांबू लागले.

धागाकर्ता: वेळेचं शंभर टक्के मान्य, आम्हीही ती चूक केली आहे. रजेचंही मान्य. पण गट अगदीच वाया जात नाहीत. रवांडातल्या ‘बांदेबेरेहो’ उपक्रमात पुरुषांची पंधरा सत्रं होती, त्यातल्या आठांना बायकाही. भाषणं कमी, चर्चा आणि सराव जास्त. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या घरांत बायकांना होणारी मारहाण कमी दिसली आणि पुरुष घरकामात जास्त दिसले. प्रमाणपत्राचा फोटो मात्र आम्हीही काढतो. देणगीदारांना लागतो.

शनिवारचा बाबा: आम्ही वेगळे राहतो, मुलगी आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे. आधी तो दिवस नुसता भटकण्यात आणि खेळण्यांत जायचा. गटातला एकजण म्हणाला, “तू बाप नाहीस, पाहुणा आहेस.” राग आला होता. आता त्या दिवशी नखं कापणं, गृहपाठ, कपाट आवरणं. मागच्या शनिवारी भागाकारावरून ती माझ्यावर जोरात खेकसली. पाहुण्यांशी ती फार गोड बोलते.