जर्मन स्टुडिओंनी घडवलेले तुमचे आवडते व्हिडिओ गेम कोणते?

बंदरवाला

गेले चार महिने मी 'अ‍ॅनो १८००' हा एकच गेम खेळत आहे. ब्लू बाइटच्या माइन्झ येथील स्टुडिओने २०१९ मध्ये काढलेला हा गेम वरवर पाहता शहर वसवण्याचा असला, तरी त्याचा खरा जीव मालाच्या साखळीत आहे. शेतकऱ्यांना मासळी आणि कामाचे कपडे मिळू लागले की त्यांच्यातूनच पुढे कामगार तयार होतात आणि कामगारांतून कारागीर. मग या कारागिरांना रम हवी होते आणि तिचा ऊस मात्र समुद्रापलीकडच्या नव्या जगातच पिकतो. परवा चाच्यांनी माझी रमची दोन जहाजे बुडवली आणि घरी सगळे कारागीर रुसून बसले.

या मालिकेतील प्रत्येक नावातल्या आकड्यांची बेरीज ९ येते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. १६०२, १४०४, २०७०, कोणतेही घ्या.

आता जर्मनीतच घडलेले आणखी काही गेम खेळावेत असे वाटते. 'गॉथिक', 'क्रायसिस' आणि 'फार्मिंग सिम्युलेटर' ही नावे ऐकून आहे. तुमचा सर्वांत आवडता कोणता आणि त्यातले नेमके काय आवडले, हे कृपया सविस्तर लिहावे. नुसती यादी नको.

जुना हमाल

माझे उत्तर ठरलेले आहे: १९९६ चा 'द सेटलर्स २', तोही ब्लू बाइटचाच. अ‍ॅनोमध्ये आपण साखळी जोडतो. इथे ती साखळी डोळ्यांसमोर चालताना दिसते. रस्ता आखताना मध्ये मध्ये निशाणे रोवायची असतात आणि दोन निशाणांमधल्या प्रत्येक तुकड्यावर एकच हमाल असतो. तो एका वेळी एकच वस्तू उचलतो, पुढच्या निशाणापाशी ठेवतो आणि तिथून पुढचा हमाल ती नेतो. त्यामुळे निशाणे विरळ असली की माल तुंबतो. एकदा माझी खाण बंद पडली तेव्हा मी कोळसा, लोखंड सगळे तपासले. दोष निघाला तो बेकरीबाहेरच्या निशाणापाशी. तिथे पाव आणि लाकडे यांचा ढीग साचला होता, एकटा हमाल लाकडे आधी वाहत होता आणि खाणकाम करणारे उपाशी होते. मी त्या तुकड्याच्या मधोमध आणखी एक निशाण रोवले आणि मग निवांत बसून तो ढीग ओसरताना पाहत राहिलो.

इथे सैनिक घडवायलासुद्धा तलवार आणि ढाल यांच्या जोडीला बिअर लागते, म्हणजे गहू आणि पाणीही हवेच. लढाईचा भाग यथातथाच आहे. हल्ल्याचा हुकूम दिला की पुढे फक्त बघायचे. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

उपरा

'गॉथिक' ऐकला आहे म्हणता, तर तो आधी खेळा. पिरान्हा बाइट्स या स्टुडिओचा हा गेम २००१ मध्ये आला. ऑर्क नावाच्या राक्षसी टोळ्यांशी चाललेल्या युद्धासाठी राजाला जादुई धातुक हवे असते, म्हणून खाणीत कैद्यांना जुंपले जाते आणि ते पळू नयेत यासाठी बारा जादूगार एक मायावी घुमट उभारतात. परंतु तो अनावर होऊन जादूगारांनाही आत कोंडतो. कैदी खाण ताब्यात घेतात आणि आता राजालाच त्यांच्याशी सौदा करावा लागतो. आपण या घुमटात फेकलेले एक निनावी कैदी.

निनावी हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. इतर गेम पहिल्या तासातच तुम्हाला जगाचा तारणहार म्हणू लागतात. इथे जुन्या छावणीच्या दाराशी एक पहारेकरी तुमच्याकडून संरक्षणाच्या नावाखाली हप्ता मागतो आणि तो न दिल्यास तुम्हाला त्याची किंमत मोजावी लागते. कुणाच्या झोपडीत शिरलात तर मालक हाकलतो, शस्त्र उपसून फिरलात तर लोक ते म्यान करायला सांगतात. माणसांशी हरलात तरी ते सहसा जीव घेत नाहीत. बेशुद्ध पाडून खिशातले धातुक, म्हणजे तिथले चलनच, काढून घेतात. हा अपमान मरणाहून जास्त झोंबतो, आणि पुढे बळ आल्यावर त्याच माणसाला शोधत जाण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या गेममध्ये मिळाली नाही.

एक बारकावा मुद्दाम सांगतो. सुरुवातीला तुमचा नायक एका हाताची तलवारही दोन्ही हातांनी, अडाण्यासारखी धरतो. उस्तादाकडे शिक्षण घेतले की त्याची पकड आणि उभे राहण्याची ढब दोन्ही बदलतात. तुम्ही काय शिकलात हे आकडा न पाहताही कळते.

चौकस

एक दुरुस्ती: 'फार्मिंग सिम्युलेटर' स्विस स्टुडिओचा आहे. आणि खुद्द अ‍ॅनो मालिकेची सुरुवात, म्हणजे १९९८ चा 'अ‍ॅनो १६०२', ऑस्ट्रियातील मॅक्स डिझाइनने केली होती. प्रकाशक तेवढा जर्मन होता.

'क्रायसिस' (२००७) दिसायला अजून देखणा आहे, पण बेटावर हवे तसे वावरण्याची मोकळीक उत्तरार्धात आटते. थकल्या संध्याकाळी मी बर्लिनच्या चार विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'डॉर्फरोमांटिक' उघडतो. षटकोनी फरशा जुळवत जायचे, जंगलाला जंगल, नदीला नदी. गठ्ठा संपला की डाव संपला. त्यावर बेतलेल्या बैठ्या खेळाला २०२३ मध्ये जर्मनीतील 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला.

बंदरवाला

उपरा, 'गॉथिक'ची नियंत्रणे फार किचकट असल्याचे ऐकले आहे. आज जमेल का?

उपरा

किचकट आहेत, नाकारत नाही. वस्तू उचलण्यासाठीसुद्धा एक कळ दाबून ठेवून पुढे जाण्याची कळ दाबावी लागते. पहिले दोन तास चिडचिड होईल, नंतर बोटांना वळण पडते. सेव्ह मात्र वारंवार आणि वेगवेगळ्या नावांनी करा. नकाशाही आयता मिळत नाही, छावणीतल्या नकाशाकाराकडून घ्यावा लागतो.

सावली

सेव्हचा विषय निघालाच आहे, तर म्युनिकच्या मिमिमी स्टुडिओचा 'शॅडो टॅक्टिक्स' (२०१६) सुचवते. एदो काळातील जपानमध्ये पाच जणांना पहारेकऱ्यांच्या नजरेआडून न्यायचे असते. सेव्ह करून मिनिटभर झाला की पडद्यावर घड्याळ आठवण करून देते, कारण पुन्हा पुन्हा चुकणे हाच इथला खेळ आहे. त्या पाचांपैकी युकीने सापळा लावून बासरी वाजवली की साधा पहारेकरी आवाजाच्या दिशेने येतो. गवती टोपीवाला मात्र जागचा हलत नाही, आणि तिथे दोघांच्या चाली आधी आखून एकाच क्षणी सोडाव्या लागतात. ती चाल पहिल्यांदा साधली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. त्यांचा 'डेस्पराडोज ३' (२०२०) याहून सफाईदार आहे, तरी मी युकीची बाजू सोडणार नाही. २०२३ मध्ये स्टुडिओ बंद होत असल्याचे त्यांनी जाहीर केले, तेव्हा मी हाच गेम पुन्हा सुरुवातीपासून लावला.